स्ट्रॉबेरी आधी निवडायची, मग धुवायची

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याच्या आहेत. जानेवारीत महाबळेश्वरला आल्या होत्या, परतताना दोन बॉक्स स्ट्रॉबेरी घेतली. घरी पोचल्यावर एका बॉक्समधल्या फळांचे हिरवे देठ काढून टाकले, फळं मिठाच्या पाण्यात बुडवून धुतली, पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात भरली आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी तळाच्या थरावर राखाडी लव आली होती आणि वरची, दिसायला चांगली असलेली फळं पाणचट लागली. दुसरा बॉक्स न उघडता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पडून आहे. त्या विचारतात, व्हिनेगर वापरायला हवं होतं का? न धुता ठेवायची तर फवारणीच्या औषधांचं काय, अळ्यांचं काय? आणि या दुसऱ्या बॉक्सचं करू काय?

ताई, तुमची मेहनत कमी पडली नाही, उलट जास्तच झाली. आल्या आल्या फक्त निवडायची, न धुता कोरडी आणि थंड ठेवायची, आणि खायच्या वेळी, खायची तेवढीच, देठासकट नळाखाली धुवायची. देठ सगळ्यात शेवटी. व्हिनेगर चालेल, पण एका अटीवर. मिठाचं पाणी मी तरी वापरत नाही. आता कारणं सांगते, कारण ती कळली की बाकीचं तुमचं तुम्हालाच सुचेल.

मी पाचगणीजवळच्या गावात राहते. घरची शेती आहे, आणि गेले वीस हंगाम आमच्या शेडमधलं सॉर्टिंग-पॅकिंग माझ्याकडे आहे. नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्च-एप्रिलपर्यंत रोज सकाळी हातातून स्ट्रॉबेरीच जाते. ऐन हंगामात दिवसाआड तोडा असतो. पानांवरचं दहिवर सुकलं की तोडायला सुरुवात, आणि ऊन चढायच्या आत माल शेडमध्ये. शेडमध्ये आल्यावर आम्ही तो निवडतो, पनेटमध्ये, म्हणजे पाव किलोच्या छोट्या डब्यात भरतो, आठ पनेटचा दोन किलोचा बॉक्स करतो. यात धुणं कुठेच नाही. लोकांना हे ऐकून धक्का बसतो. पण शेडमध्ये पाणी शिरलं की माल गेला, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

का, ते फळाकडे बघितलं की कळतं. आंब्याला साल आहे, संत्र्याला आहे, द्राक्षालाही पातळ का होईना पण चिवट साल आहे आणि वर मेणाची पूड आहे. स्ट्रॉबेरीच्या अंगावर म्हणण्यासारखं काही नाही. आपण जिला बी म्हणतो तो वरचा पिवळा दाणा हे खरं तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकेक फळ आहे. एका स्ट्रॉबेरीवर असे दोनेकशे दाणे असतात आणि प्रत्येक दाणा एका छोट्या खड्ड्यात बसलेला. म्हणजे पाणी धरून ठेवायला दोनशे वाट्या. फडक्याने कितीही पुसा, त्या खड्ड्यांतलं पाणी तिथेच राहतं. आत शेकडा एक्क्याण्णव भाग पाणी, आणि वरून असा ओलावा. बुरशीला आणखी काय हवं?

दुसरी गोष्ट, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. केळं किंवा आंबा घरात पिकतो, गोड होतो. स्ट्रॉबेरीचा पांढरा खांदा दोन दिवसांत लाल होईल, पण साखर वाढणार नाही. झाडावरून उतरली तेव्हा जेवढी गोड तेवढीच. तिथून पुढे ती फक्त उतरणीलाच लागते. म्हणून ‘पिकायला’ बाहेर ठेवू नका.

आता ती राखाडी लव. आमच्याकडे तिला सरळ ग्रे मोल्ड म्हणतात, शास्त्रीय नाव बोट्रायटिस. ही बुरशी तुमच्या फ्रीजमध्ये जन्मली असं समजू नका. ती बहुतेक वेळा फुलातच शिरलेली असते. फूल असताना धुकं, दव किंवा अवेळी पाऊस झाला की ती आत जाऊन गप्प बसते. फळ मोठं होतं, लाल होतं, तोडलं जातं, काही दिसत नाही. मग फळाला कुठे मार लागला, ओल मिळाली की ती बाहेर येते. फ्रीजची थंडीही तिला पुरती रोखत नाही. शून्य अंशालासुद्धा ती वाढते, फक्त सावकाश. दुसरी एक बुरशी आहे रायझोपस. तिचे पांढरे लांब केस आणि वर टाचणीच्या डोक्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात, आणि फळाचा रस गळून पनेटचा तळ ओला होतो. ती मात्र पाच अंशांच्या खाली वाढत नाही. म्हणजे तळाला रस गळालेली, काळ्या ठिपक्यांची स्ट्रॉबेरी दिसली तर समजायचं की माल कुठेतरी गरम राहिला. राखाडी लव दिसली तर ओल, मार किंवा दोन्ही.

तुमच्या डब्यात नेमकं हेच जुळून आलं: खड्ड्यांत राहिलेलं पाणी, वरच्या फळांच्या वजनाने दबलेली खालची फळं आणि हवा न लागणारं झाकण. फळ तोडल्यावरही श्वास घेत असतं, वाफ सोडत असतं. घट्ट डब्यात ती वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन पुन्हा फळांवरच पडते.

हे मी ऐकीव सांगत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षीची गोष्ट आहे. मुंबईचे पाहुणे सकाळी निघणार होते. त्यांना धुवायचाही त्रास नको म्हणून मी रात्रीच, सासूबाईंना न विचारता, चांगली निवडक फळं धुतली, देठ खुडले, स्टीलचे तीन डबे गच्च भरले आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिले. सकाळी झाकण काढलं तर तळाला गुलाबी पाणी, खालची फळं लिबलिबीत आणि किंचित आंबूस वास. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पातेलं काढलं, साखरेचा डबा काढला आणि चुलीवर चढवलं. पाहुणे जॅम घेऊन गेले. त्यानंतर आजतागायत मी रात्री स्ट्रॉबेरी धुतलेली नाही.

पाणचट चवीचं कारण देठात आहे. हिरवी टोपी म्हणजे बाटलीचं बूच. ती काढली की मधला मऊ गाभा उघडा पडतो आणि पाण्यात बुडवल्यावर फळ तिथून पाणी ओढतं. आतली चव पातळ होते आणि थोडा रसही बाहेर जातो. भांड्यातलं पाणी गुलाबी दिसलं ना? ती तुमची स्ट्रॉबेरी होती. म्हणून आधी धुवायचं, मग टोपी काढायची. उलट कधीही नाही. एवढी एक सवय बदलली तरी चवीत फरक कळेल.

आता घ्यायच्या वेळेबद्दल थोडं, कारण निम्मं नुकसान घरी पोचायच्या आतच होतं. पर्यटक पहिल्या दिवशी बॉक्स घेतात, तो दोन दिवस हॉटेलच्या खोलीत राहतो, मग गाडीच्या डिकीत जातो. निघायच्या दिवशी सकाळी घ्या. पनेट उचलून खालून बघा. वरचा थर सगळेच सजवतात, आम्हीही सजवतो, खोटं कशाला बोलू. तळाला लाल डाग किंवा ओल दिसली तर ते पनेट परत ठेवा. देठाची पानं हिरवी, ताठ हवीत. कोमेजून खाली पडलेली असतील तर फळ कालचं किंवा परवाचं. रस्त्यावरच्या काही टपऱ्यांवर फळ चमकावं म्हणून पाणी शिंपडतात. तसं ओलं फळ तिथेच खायला घ्या, घरी न्यायला नको. आणि आकारावर जाऊ नका. कुठलीही जात असो, विंटर डॉन, नाभिला किंवा स्वीट चार्ली, मोठं फळ गोडच असेल असं नाही. वास घ्या. बंद पनेटमधूनही वास येत असेल तर तो माल चांगला.

गाडीत बॉक्स पायाशी ठेवा, एसीची हवा लागेल असा. डिकीत दुपारच्या उन्हात भट्टी होते. पसरणी घाटाची वळणं उतरताना बॉक्स घसरू नये म्हणून एका बाजूला शाल किंवा बॅग लावा, पण वर काही ठेवू नका. वाईत जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. लांबच्या बाजारासाठी आम्ही पाऊण लाल झालेलं, कडक फळ भरतो ते याच प्रवासाच्या भीतीने. तुम्हाला हातोहात विकलेलं फळ पूर्ण पिकलेलं असतं, म्हणून चव चांगली आणि आयुष्य कमी.

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी नाही, पण चहा व्हायच्या आत हे काम करा. दोन मोठी ताटं घ्या, त्यांवर जुनं, मऊ, कोरडं सुती फडकं अंथरा. जुनी मलमलची ओढणी उत्तम. पनेट हलक्या हाताने ताटात उपडं करा. वरून फळं उचलत बसू नका, कारण वाईट फळ नेहमी तळाशी असतं. एकेक फळ देठाला धरून उचला, गोल फिरवा. बोटांनी दाबून बघायची गरज नाही, डोळ्यांना दिसतं. जिथे मार लागलेला असतो तिथली चकाकी जाते, लाल रंग गडद, पाण्यात भिजल्यासारखा दिसतो. पुष्कळदा ते फळाच्या टोकाला किंवा दोन फळं जिथे चिकटली होती तिथे असतं.

निवडताना चार वाटे पडतात. कडक, चकचकीत, देठ शाबूत असलेली फळं ठेवायला. पूर्ण पिकलेली, मऊसर पण धड असलेली आज-उद्या खायला. मार लागलेली, फुटलेली पण बुरशी नसलेली फळं लगेच कापून, वाईट भाग काढून साखरेत मुरवायला. अर्ध्या तासात त्यांना एवढा रस सुटतो की पोळीबरोबर दुसरं काही लागत नाही. आणि बुरशीवाली सरळ बाहेर. केसाळ भाग कापून उरलेलं खाऊ नका. एवढ्या मऊ, पाणीदार फळात बुरशीचे धागे दिसतात त्याच्या खूप आतपर्यंत गेलेले असतात. तिला चिकटून बसलेली फळंही ठेवायच्या वाट्यात घालू नका. ती धड दिसत असतील तर धुऊन आजच खा. एका बॉक्सला हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. घरी स्ट्रॉबेरी टिकते की नाही, ते या दहा मिनिटांत ठरतं असं माझं मत आहे. धुणं, व्हिनेगर, महागडा डबा हे सगळं त्याच्या मागून.

ठेवायला पसरट डबा घ्या. तळाला पेपर नॅपकिन किंवा कोरडं फडकं. वर्तमानपत्र नको, त्याची शाई खायच्या वस्तूला लागू नये. फळं एका थरात, देठ खाली टोक वर, एकमेकांना टेकली तरी चालतील पण रेटून नकोत. जागा नसेल तर फार तर दोन थर आणि मध्ये कागद. वर झाकण सैल, एका कडेने उचललेलं. झाकण अजिबात न लावणंही बरोबर नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये पंख्याची कोरडी हवा फिरते, त्यात उघडी फळं सुरकुततात. शिवाय शेजारी लसणाची चटणी किंवा डोशाचं पीठ असेल तर तो वास फळाला लागतो. हल्ली काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवायची पद्धत सगळीकडे दाखवतात. मी करून बघितली. फळ अगदी कोरडं, निवडलेलं असेल तर ते सुरकुतत नाही हे खरं. पण एक वाईट फळ चुकून आत गेलं तर बरणी उपडी केल्याशिवाय पत्ता लागत नाही. मला पसरट डबा बरा वाटतो. झाकण उघडलं की सगळी फळं समोर दिसतात.

फ्रीजमध्ये जागा कुठली? स्ट्रॉबेरीला शून्य अंश आणि भरपूर दमटपणा लागतो. शीतगृहात तसं मिळालं तर ती आठवडाभर राहते. आपल्या फ्रीजमध्ये चार ते आठ अंश असतात, दारात त्याहून जास्त. म्हणून दारात कधीच ठेवू नका. डबल डोअर असेल तर खालच्या फळीवर आतल्या बाजूला. सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरखालचा चिलर ट्रे सगळ्यात थंड असतो, मी तिथेच ठेवते. पण डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की त्याच ट्रेमध्ये पाणी साचतं, तेव्हा आधी डबा बाहेर काढायचा. हे मी एकदा विसरले होते. अशा रीतीने ठेवलेलं चांगलं फळ घरी तीन-चार दिवस आरामात जातं. फार कडक असेल तर पाच. त्यापुढची आशा धरू नका, त्याआधीच फ्रीझरचा विचार करा.

आणखी एक सवय सोडा. आख्खा डबा टेबलावर आणायचा, सगळ्यांनी खायचं आणि उरलेला परत आत ठेवायचा. थंड फळ बाहेर आलं की त्याला घाम फुटतो, ती ओल घेऊनच ते परत फ्रीजमध्ये जातं. हवी तेवढी वाटीत काढा, डबा आतच राहू दे. काढलेली फळं खायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर ठेवली तर वास आणि चव दोन्ही खुलतात. गारेगार स्ट्रॉबेरी आंबट लागते.

आता धुणं. वाटीतली फळं देठासकट चाळणीत घ्या, नळाची धार बारीक ठेवा आणि चाळणी हलवत, बोटांनी फळं फिरवत अर्धा मिनिट धुवा. भिजत घालू नका, धारेखालीच. शेवटची एक फेर प्यायच्या पाण्याने, म्हणजे तुम्ही घरी गाळून किंवा उकळून पिता त्या पाण्याने. हे कच्चं खायचं फळ आहे. टाकीचं पाणी भांड्याला ठीक असतं, स्ट्रॉबेरीला नाही. मग कोरड्या फडक्यावर टिपा, टोपी काढा, खा.

औषधांबद्दल मी शेतकऱ्याच्या घरातली असूनही स्पष्ट सांगते: फवारणी होते. बुरशीसाठी होते, थ्रिप्स आणि लाल कोळी या बारीक किडींसाठी होते. शेवटची फवारणी आणि तोडा यांत किती दिवस जायला हवेत हे औषधागणिक ठरलेलं असतं. दिवसाआड तोडा असलेल्या पिकात ते पाळणं सोपं नाही. पाळणारे आहेत, न पाळणारेही आहेत. घरी तुम्ही काय करू शकता? वरवरचं बरंचसं साध्या पाण्याने जातं. अमेरिकेत कनेक्टिकटच्या सरकारी कृषी प्रयोगकेंद्राने २००० साली फळं-भाज्यांवर हे तपासलं होतं. नळाखाली धुतल्याने १२ पैकी ९ कीडनाशकांचे अंश कमी झाले, आणि फळं धुवायच्या खास साबणद्रावणांनी साध्या पाण्यापेक्षा जास्त काही साधलं नाही. पाण्यात ते विरघळतं का, यापेक्षा धार आणि बोटांचं चोळणं महत्त्वाचं असं त्यातून दिसलं. जे औषध झाडाच्या रसातून फळात उतरलेलं असतं ते मात्र कशानेच धुऊन निघत नाही. त्याला इलाज एकच, ओळखीच्या, विश्वासाच्या शेतकऱ्याकडून घेणं.

खायच्या सोड्याबद्दल विचारतात. त्याचा अभ्यास सफरचंदावर झाला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, २०१७ साली. शेकडा एक सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरचे दोन औषधांचे अंश निघाले. सफरचंद पंधरा मिनिटं बुडलं तर त्याला काही होत नाही. स्ट्रॉबेरी पंधरा मिनिटांत भिजक्या पोह्यासारखी होईल. मन मानत नसेल तर अर्धा लिटर पाण्यात एक छोटा चमचा सोडा, देठासकट दोन मिनिटं, मग चांगली धुवा आणि लगेच खा. कापलेलं फळ सोड्यात घालू नका, लाल रंग जांभळट, मळकट होतो. भांड्यांचा साबण, डिटर्जंट मात्र अजिबात नको. या फळाच्या खड्ड्यांतून आणि मऊ अंगातून तो निघत नाही, सरळ पोटात जातो.

व्हिनेगरची अट अशी की नंतर फळ अगदी कोरडं करता आलं पाहिजे. व्हिनेगर वरच्या बुरशीच्या बीजाणूंना मारतं, फुलातून आत गेलेल्यांपर्यंत पोचत नाही. एक वाटी साधं पांढरं व्हिनेगर, तीन वाट्या पाणी, देठासकट दोन मिनिटं, मग साध्या पाण्यातून दोनदा काढायचं. त्यानंतर फडक्यावर एकेरी पसरून पंख्याखाली तासभर, मधे एकदा फळं उलटवून. देठाच्या पानांखाली पाणी लपतं, ते बघा. हे सगळं नीट केलं तर एक-दोन दिवस जास्त मिळतात. अर्धवट केलं तर न धुतलेल्यापेक्षा लवकर खराब होतात. घरी लहान मुलं येता-जाता डबा उघडून तशीच खातात, तिथे हा खटाटोप करण्यात अर्थ आहे. दोन दिवसांत संपणार असतील तर मी करणार नाही.

गरम पाण्याचाही एक उपाय आहे, ५२ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद. बुरशीवर तो खरंच चालतो. पण थर्मामीटर नसेल तर नादी लागू नका. चार-पाच अंश जास्त झाले की फळ शिजल्यासारखं मऊ पडतं. आमच्या शेडमध्ये मी हौसेने केलं होतं. पूर्ण पिकलेल्या फळाचं पोत बिघडलं, कडक फळ चांगलं राहिलं. म्हणजे ज्याला गरज होती त्यालाच ते सोसलं नाही.

मिठाचं पाणी हे अळ्यांच्या भीतीतून आलं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतले व्हिडिओ फिरत होते, मिठाच्या पाण्यातून बारीक पांढऱ्या अळ्या वर येतात असे. तिकडे एक फळमाशी आहे जी चांगल्या, न फुटलेल्या फळातही अंडी घालते. आपल्या घरात घिरट्या घालणाऱ्या चिलटांना तसं जमत नाही, ती फुटक्या, अति पिकलेल्या फळावर बसतात. आमच्या सॉर्टिंगच्या टेबलावर मला वीस वर्षांत सापडलं ते मुख्यतः मुंग्या, लाल कोळी आणि हंगामाच्या सुरुवातीला शेंबड्या गोगलगायींनी कुरतडलेले खड्डे. हे सगळं डोळ्यांना दिसतं, निवडताना बाजूला जातं. मीठ फळातलं पाणी ओढून घेतं, फळ लवकर मऊ पडतं आणि खारट चव थोडी तरी राहतेच. अळी असलीच आणि पोटात गेली तर काही होत नाही, हे सांगून कुणाचं समाधान होत नाही म्हणा.

फ्रीझरबद्दल. इथे मात्र धुवायचं आधी, कारण गोठलेलं फळ नंतर धुता येत नाही. धुऊन पूर्ण कोरडी करा, टोपी काढा, ताटात बटर पेपरवर एकेकटी ठेवून उघडीच फ्रीझरमध्ये सरकवा. तीन-चार तासांत गोट्यांसारखी कडक झाली की झिपच्या पिशवीत भरा, हवा काढा, वर तारीख लिहा. अशी केली की लगदा होऊन एकमेकींना चिकटत नाहीत, हवी तेवढी मूठभर काढता येते. चांगल्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, आठ-दहा महिने जातात. सिंगल डोअरच्या वरच्या खणात ते तापमान मिळेलच असं नाही आणि वीज गेली की बर्फ सुटतो, तिथे महिना-दोन महिन्यांत संपवा. वितळल्यावर त्या मऊ पडणारच, तेव्हा केकवर सजवायला नाही, मिल्कशेकला. दूध गार हवं आणि शेक लगेच प्यायचा, फळ आंबट आहे, ठेवला की दूध फाटायला लागतं. दुसरी रीत साखरेची: किलोभर कापलेल्या फळाला दोनशे-अडीचशे ग्रॅम साखर, रस सुटला की रसासकट डब्यात. या रीतीत रंग आणि चव दोन्ही जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे.

जॅमचं सविस्तर पुन्हा कधी. एवढंच सांगते की स्ट्रॉबेरीत जॅम घट्ट करणारं पेक्टिन कमी, म्हणून किलोला दोन लिंबांचा रस घालाच. आणि जॅम झाल्याची खूण म्हणून पुस्तकात दिलेले १०५ अंश डोळे झाकून धरू नका. पाचगणी बाराशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. मी सुरुवातीला पुस्तक धरून १०५ गाठायला गेले आणि जॅमचा चिक्कीसारखा गोळा झाला. घाटाखाली राहणाऱ्यांनाही थर्मामीटरपेक्षा गार बशीवर थेंब टाकून बघणंच बरं.

आता तुमचा दुसरा बॉक्स. न धुतलेला आहे, थंड राहिला आहे, म्हणजे बरंच काही वाचलेलं असेल. तो आजच उघडा, उद्यावर टाकू नका. आठही पनेट बाहेर काढून प्रत्येकाचा तळ आधी बघा. ज्याचा तळ ओला आहे ते पनेट सगळ्यात आधी उपडं करा. माझा अंदाज, दोन पनेटमध्ये काहीतरी निघेल आणि सहा चांगली असतील. त्या सहांतली दोन या दोन दिवसांत खायला ठेवा, चारची फळं धुऊन, वाळवून फ्रीझरच्या ताटात लावा. चार पनेट म्हणजे किलोभर फळ, एका ताटात मावणार नाही, दोन खेपा कराव्या लागतील. दुसरी खेप होईपर्यंत उरलेली फळं फ्रीजमध्ये असू द्या, आणि ती ताट रिकामं झाल्यावरच धुवा.